अंतरपाट निघाला तेव्हा मी स्क्रीन बघत होतो: नव्या लग्न-फोटोग्राफरने टाळायच्या चुका

गोरज मुहूर्त, तालुक्याच्या गावचं मंगल कार्यालय आणि माझ्या स्वतःच्या नावावर आलेली पहिली ऑर्डर. गुरुजी प्रत्येक मंगलाष्टकानंतर ‘सावधान’ म्हणत होते आणि अख्ख्या मांडवात बेसावध असा मीच होतो. समर्थ रामदास हा एक शब्द ऐकून बोहल्यावरून पळाले म्हणतात. माझीही तयारी होती, पण गळ्यात दोन कॅमेरे होते आणि त्यातला एक भाड्याचा होता.

आधीच्या चार फोटोंत नवरीचा चेहरा काळपट तर नाही ना आला, ही धास्ती. म्हणून मान खाली घालून मागच्या स्क्रीनवर तिचा चेहरा मोठा करून बघत होतो. ताशा वाजला, डोक्यावर अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. मान वर केली तेव्हा अंतरपाटाची घडी गुरुजींच्या हातात होती.

“आला ना रे फोटो?” नवरीच्या मावशीनं विचारलं.

“हो हो, मस्त आलाय.”

कॅमेरा ठीक होता, सेटिंग बरोबर होतं, जागाही चांगली मिळाली होती. नंतर घरी बघितलं तर ज्या चार फोटोंची काळजी करत बसलो ते चारही उत्तम होते. म्हणजे फोटो गेला तो निव्वळ शंकेपायी.

नवी मुलं भेटली की विचारतात, “दादा, कॉन्फिडन्स कसा आणायचा?” मला वाटतं, तो आणायच्या भानगडीत पडूच नये. ‘मला जमेल का?’ या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं. ‘कार्ड खराब झालं तर?’ याला असतं: दोन कार्डांचा कॅमेरा घ्यायचा आणि दोन्हींवर एकदम फोटो जातील असं लावायचं. शंका आली की तिला खोदून विचारावं, बाई, तुला नेमकं कशाचं भय वाटतंय? बऱ्याचदा बॅटरी, भाव नाहीतर बोलाचाली यांपैकी काहीतरी निघतं. पुढच्या चुका मी स्वतः केल्यात किंवा सोबतच्या पोरांना करताना बघितल्यात.

दर फोटोनंतर स्क्रीनला कौल लावणं

मेन्यूत फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवण्याची सोय असते. ती बंद करून टाका. पहिला तासभर हात बांधल्यासारखं वाटेल.

पण त्याआधी बघायचं ते बघून घ्यायला हवं. विधी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी सोबतच्या पोराला बोहल्यावर उभा करा आणि त्याचे फोटो काढा. बाहेर अंधारून येत असेल तर थोड्या वेळानं पुन्हा काढा. उजेड ठरला की शटर, अॅपर्चर, आयएसओ मॅन्युअलवर पक्कं करा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढत असाल तर थोडी उजेडाची चूक नंतर निस्तरता येते. हुकलेला क्षण मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

फोटोंत आडवे काळे पट्टे दिसले की नवखा माणूस घामाघूम होतो, कॅमेराच बिघडला म्हणून. बहुतेक वेळा दोष दिव्यांचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० सेकंदावर आणा, पट्टे बहुधा जातात. अक्षता जरा ओघळल्यासारख्या दिसतील. मला तरी त्या तशाच आवडतात. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिचं गणित निराळं, तिथे दोन-तीन वेग करून बघावे लागतात.

दुसरं दुखणं म्हणजे डेकोरेशनवाल्याचे जांभळे-निळे दिवे. त्यात हळदीनं पिवळी झालेली नवरी, मग चेहऱ्याचा जो रंग येतो तो बघून कुणालाही वाटेल की आपल्याला काही येत नाही. डेकोरेशनवाल्याला आधीच गाठा आणि सांगा, “मुहूर्ताची दहा मिनिटं समोरचे रंगीत दिवे बंद ठेवा, नंतर काय लावायचे ते लावा.” मला आजवर एकदाच नकार मिळालाय. विचारायची लाज वाटते, एवढीच अडचण.

गुरुजींशीही बोलून घ्यावं. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार ते विचारा, म्हणजे तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहाल आणि नवरा-नवरी दोघंही बाजूनं दिसतील. एका गुरुजींनी मला सांगितलं होतं, “ओढायच्या आधी मी खाकरतो, तेव्हा तयार राहा.” आणि खरोखर खाकरले.

भाव सांगताना स्वतःशीच घासाघीस

हा माझा सुरुवातीचा एक फोन.

“किती होतील हो दोन दिवसांचे?”

“पंचवीस हजार.” समोरून आवाज नाही. “म्हणजे… बावीसपर्यंत करू.” तरी शांतता. “तुम्ही काय परके नाही, अल्बमसकट वीस.” मग मीच पुन्हा, “बघा, पंधरात बसवतो.”

तिकडून आवाज आला, “अहो, पेन शोधत होतो. सांगा, किती म्हणालात?”

आता हिशोब बघा. समजा पंचवीस हजारांची ऑर्डर आहे. मदतनीस ३,०००, गाडीभाडं १,५००, लेन्सचं भाडं १,५००, अल्बम ७,००० आणि कार्ड-हार्डडिस्कपोटी १,०००. झाले चौदा. उरले ११,०००. दोन दिवस शूटिंग आणि पाच दिवस निवड-एडिटिंग धरलं तर दिवसाला दीड हजाराच्या आसपास सुटतात. तीच ऑर्डर पंधरा हजारांत घेतली तर उरतात १,०००, म्हणजे दिवसाला १४३ रुपये. स्वस्तात काम घेतलं की दडपण कमी होईल असं वाटतं. होतं उलटंच. मदतनीस परवडत नाही, दुसरा कॅमेरा भाड्यानं आणता येत नाही, आणि मग खरोखरच काहीतरी हुकतं. शंकेला पुरावा आपणच हातात देतो.

भाव फोनवर सांगू नका. “तासाभरात लिहून पाठवतो” म्हणा आणि व्हॉट्सअॅपवर तारखा, काय मिळणार, किती दिवसांत मिळणार, अॅडव्हान्स किती, हे सगळं एका मजकुरात पाठवा. पाठवल्यावर गप्प बसा. निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही आलं तरी ‘थोडं कमी करू’ असं टाइप करायचं नाही.

मामेबहिणीचं लग्न फुकट करायचं असेल तर खुशाल करा, पण बिल पूर्ण रकमेचं बनवा आणि खाली तेवढीच सूट लिहा. नातेवाइकांना कळतं की आहेर केवढ्याचा होता, आणि बिलावर छापलेला आकडा बघून बघून तो तोंडात बसतो. जीएसटीच्या भीतीनंही काही जण धंदा चोरट्यासारखा करतात. फोटोग्राफी ही सेवा आहे. महाराष्ट्रात राहून इथेच काम करणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. तेवढी झाली की आनंदानं सीएकडे जा.

धीर खचला की लेन्स घेणं

यावर फार लिहीत नाही. एफ/१.८ ची ५० एमएम आणि एक झूम यांत अख्खं लग्न निघतं, बाकीचं भाड्यानं मिळतं. कर्ज काढायचंच असेल तर आधी दुसऱ्या बॉडीसाठी, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यासाठी काढा, कारण ‘कॅमेरा बंद पडला तर?’ ही शंका खरी आहे.

हप्ते सुरू होतात ते मात्र नेमके आषाढात. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो. तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नसल्यातच जमा. फोन वाजत नाही. नवा फोटोग्राफर हा पंचांगाचा निकाल स्वतःच्या कलेचा निकाल समजतो आणि श्रावणात नोकरीच्या जाहिराती चाळू लागतो. पहिल्या वर्षी मीही चाळल्या. या चार महिन्यांत बारशी, डोहाळजेवणं, घरचे गणपती करावेत. खोलीतल्या एका खिडकीच्या उजेडात माणूस कसा बसवायचा हे मी बारशांतच शिकलो.

दुसऱ्याचा निवडक एक आणि आपले तीन हजार

इन्स्टाग्रामवर आपण बघतो तो कुणाच्या तरी एका लग्नातल्या हजारो फोटोंमधला एक. त्याच्याशी आपण आपल्या कार्डावरचे मिटलेले डोळे आणि मध्येच आलेली वाढप्याची बादली ताडून बघतो. यावर मला लागू पडलेलं औषध सांगतो. गावातल्या एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे जाऊन म्हणा, “काका, एका लग्नाचा न निवडलेला फोल्डर दाखवता?” मला ज्यांनी दाखवला त्यांच्या त्या फोल्डरात सलग अकरा फोटो स्वतःच्या बुटाचे होते. त्या दिवशी मी फार दिवसांनी पोटभर जेवलो. नंतर त्यांच्यासोबतच पाच-सहा ऑर्डरी सेकंड कॅमेरा म्हणून केल्या, आणि तेव्हा कळलं की तेसुद्धा मुहूर्ताआधी दोनदा बाथरूमला जातात.

आपण या कामाला लायक नाही, एक दिवस पकडले जाऊ, या भावनेवर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसतज्ज्ञांनी १९७८ साली निबंध लिहिला. त्यांच्यासमोर होत्या त्या शिकलेल्या, यशस्वी बाया. याला इंग्रजीत ‘इम्पोस्टर’ हा जो शब्द रूढ झाला त्याला आपल्याकडे तोतया हा चोख शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. तो खोटा असून छातीठोकपणे ‘मीच भाऊ’ म्हणत हिंडला. आपण मात्र स्वतःच्या पैशांनी कॅमेरा घेतलेले, रात्र रात्र एडिटिंग करणारे खरे लोक, आणि चोरासारखे वावरतो.

दुसऱ्यानं दिलेली शंका आपली समजणं

माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीला जवळपास प्रत्येक कार्यालयात एकच प्रश्न येतो: “ताई, मेन फोटोग्राफर कुठेत?” ती हातात कॅमेरा घेऊन समोर उभी असते. दोन वर्षं हे ऐकल्यावर ती स्वतःच मागच्या रांगेत उभी राहू लागली. यात तिच्या हाताचा काही दोष नव्हता. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण झाल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावानं. फोटो तेच, बोटं त्यांचीच.

आम्ही यावर साधा उपाय केला. हळदीच्या दिवशी यजमानांना सांगतो, “मुहूर्ताचे फोटो या काढणार, यांना पुढची जागा द्या.” यजमानानं एकदा माइकवरून ‘फोटोग्राफर मॅडमना वाट द्या’ म्हटलं की काम होतं.

फोटो देताना माफी मागणं

निवड करायची भीती वाटते म्हणून अठ्ठावीसशे फोटो पेन ड्राइव्हवर ओतून द्यायचे आणि वर लिहायचं, ‘काही फोटो तेवढे चांगले नाहीत, सांभाळून घ्या.’ समोरचा मग तेच फोटो शोधतो. नाहीतर दुसरा प्रकार, अजून थोडं सुधारू म्हणत तीन महिने द्यायचेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पंचवीस चांगले फोटो पाठवून द्या. घरात लग्नाचा गलबला तोवर असतो, कौतुकही तेव्हाच होतं. बाकीचे चार-पाचशे ठरलेल्या तारखेला. आणि फोटोंच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी. ग्राहकाच्या हातात सगळं पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. रात्री दोनला जाग आणणाऱ्या निम्म्या शंका एवढ्यानं मिटतात.

आणि खरंच हुकलं तर

माझं हुकलं होतंच. नऊ दिवस मी मावशीला दिलेल्या ‘मस्त आलाय’वर बसून होतो. दहाव्या दिवशी नवरीच्या घरी गेलो आणि तिच्या आईला सांगितलं, “काकू, अंतरपाट निघतानाचा फोटो माझ्या हातून गेला. व्हिडिओतून काढून देतो, पण तो फोटोसारखा नसेल. दोन हजार कमी द्या.” काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा टाकला, पैसे मोजले आणि दोन हजार कापूनच दिले. गोड बोलल्या असत्या तर मलाच अवघड झालं असतं.

तीन वर्षांनी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. ऑर्डर दुसऱ्याला गेली, मला पत्रिका आली. गेलो. मंगलाष्टकं संपत आली तशी सगळे वधू-वरांकडे बघू लागले आणि मी फोटोग्राफरकडे. विशीचा पोरगा, शर्ट पाठीला चिकटलेला. कॅमेरा धरलेली बोटं थरथरत होती. गुरुजींनी अंतरपाटाला हात घातला, कुणाचा तरी मोबाइल त्याच्या कानापाशी आला, मागून कुणीतरी ढकललं. डोळा त्यानं व्ह्यूफाइंडरवरून हलवला नाही.