बाजारपेठेच्या रस्त्याला निधी आणायचाय? आधी अंदाजपत्रकात गटार आहे का बघा

राजापूर घ्या, मालवण घ्या, चिपळूण घ्या, आपल्या कोकणातल्या बाजारपेठा अरुंदच, दुकानांच्या पायऱ्या रस्त्यात आलेल्या आणि मिरग लागला की गटार कुठलं नि रस्ता कुठला कळत नाही. निधी येतच नाही असं नाही, पण कसा मागायचा ते माहीत नसल्यामुळे जे काम पदरात पडेल ते घ्यावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात घाईघाईत पेव्हर ब्लॉक बसवले, कामाच्या अंदाजपत्रकात (म्हणजे एस्टिमेटमध्ये) गटार नव्हतंच, पहिल्या मोठ्या पावसात खालची कच वाहून गेली आणि ब्लॉक डुगडुगायला लागले, पाय पडला की फटीतून चिखलाची पिचकारी थेट साडीवर. मासेवाल्या बायका डोक्यावर टोपली घेऊन त्यावरून चालायच्या, बघवत नव्हतं.

तर पहिलं काम, रस्ता कोणाचा ते नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन विचारा. नगरपरिषदेचा की पीडब्ल्यूडीचा (राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा)? पीडब्ल्यूडीचा असेल तर त्यांची ना हरकत लागणार, आणि ती नसली की फाईल तिथेच अडकते.

मग पैसा कुठल्या हेडमधून येईल ते बघा. नगरोत्थान ही शहरातल्या कामांसाठीची राज्य सरकारची योजना, तिचे दोन भाग आहेत, जिल्हास्तर आणि राज्यस्तर. जिल्हास्तराचा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी, म्हणजे पत्र दोघांनाही द्यायचं. नगरपरिषदांना खास कामांसाठी पैसे देणारी ‘वैशिष्ट्यपूर्ण’ नावाची दुसरी योजना आहे, तिचा निधी नगरविकास खात्याकडून, त्यासाठी मंत्रालयात पाठपुरावा हवा आणि तिथे आमदारांची मदत लागतेच. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण तो अख्ख्या मतदारसंघाला, त्यामुळे त्यातून एखादा तुकडाच होईल. वित्त आयोगाच्या पैशावर फार भिस्त ठेवू नका, पंधराव्या आयोगात (२०२१-२६) आपल्यासारख्या छोट्या शहरांचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता.

आता अंदाजपत्रक, माझ्या मते सगळं इथेच ठरतं. इंजिनिअर मोजमाप घ्यायला येईल तेव्हा व्यापारी संघटनेतले दोघं-तिघं सोबत फिरा आणि प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायला लावा. गटार दोन्ही बाजूंनी, त्याचा उतार कुठे, पाणी शेवटी कुठल्या वहाळाला जाणार, झाकणं उचलता येतील अशी, महावितरणचे खांब हलवायचा खर्च, पाण्याची लाईन आधी बदलायची की नाही (नाहीतर सहा महिन्यांत नवा रस्ता खोदलाच म्हणून समजा). फूटपाथ धरणार असाल तर बाजारपेठेसाठी आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) माप अडीच मीटर मोकळी रुंदी असं आहे. आपल्याकडे तेवढी जागा निघत नाही हे खरं, पण एका बाजूला सलग निघते का ते तरी बघा. भाजीवाल्यांना आणि मासेवाल्यांना उठवून काम करू नका, २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समिती असते आणि तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच, त्यांना आधी बोलवा, जागा कुठे देणार ते नकाशावर आलं पाहिजे.

वेळेचं गणित आपल्याकडे वेगळं, कारण काम करायला दसऱ्यापासून मे पर्यंतच दिवस मिळतात. ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग ई-निविदा, यात महिने जातात, म्हणून गणपतीच्या आधी अंदाजपत्रक तयार पाहिजे. मार्चएंडला निधी उरला की ज्याची फाईल तयार त्याला मिळतो, हे लक्षात ठेवा. आणि नगरपरिषदेचा स्वहिस्सा (तिने स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा) जानेवारी-फेब्रुवारीच्या बजेटमध्ये धरलाय का तेही विचारा, तो नसला तर मंजूर झालेलं काम पण लटकतं.

काम सुरू झालं की कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा, दिली नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोषदायित्व कालावधी किती ते त्या कागदात बघून ठेवा. त्या काळात काही उखडलं तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, पण तक्रार लेखी असली तरच. म्हणून पहिला जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन बाजारात एक चक्कर मारा, पाणी जिथे तुंबलंय तिथले फोटो काढा आणि त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या.