डोक्याला मार लागल्यावर ‘ऐकू येतं, पण कळत नाही’: या चुका टाळा

बाईकवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस चालता-फिरता होतो, जखम भरते, आणि मग घरात कुरबुर सुरू होते. चार जण बोलायला लागले की तो गप्प होतो. सारखं ‘काय म्हणालीस?’ विचारतो, सांगावं एक तर करतो भलतंच. घरचे म्हणतात, लक्ष नाही याचं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांची सुरुवात याच वाक्याने होते, आणि ते वाक्य त्या माणसाला किती लागतं हे समोर दिसत असतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ऑडिओग्राम नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करणं. त्या तपासणीत शांत खोलीत 250 ते 8000 हर्ट्झचे सूर ऐकवून किती हळू आवाज कळतो, एवढंच पाहतात. बोलण्याचा अर्थ लागण्यासाठी मात्र मेंदूला आवाजांमधल्या काही मिलिसेकंदांच्या फटी ओळखाव्या लागतात, गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढावा लागतो. डोकं जोरात आपटलं की मेंदूतले तंतू ताणले जातात, आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम त्यात सापडतो. म्हणून सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंगच्या, म्हणजे ऐकलेल्याचा मेंदू अर्थ कसा लावतो हे पाहणाऱ्या, चाचण्या स्वतःहून मागा: गोंगाटात शब्द ओळखणं, आवाजातली फट ओळखणं, आणि दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकणं. ही शेवटची चाचणी कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञ डोरीन किमुरा यांनी 1961 मध्ये मेंदूच्या रुग्णांवर वापरली होती. कॉर्पस कॅलोसमला इजा असेल तर बहुधा डाव्या कानातले आकडे गळतात. चाचणीचे शब्द रुग्णाच्या भाषेतले हवेत. मराठी माणसाची परीक्षा इंग्रजी शब्दांवर घेऊन निघालेला निष्कर्ष मी धरत नाही.

याच्या उलट, कान न तपासताच सगळा दोष मेंदूवर टाकू नका. कानामागचं हाड मोडलं तर पडद्याआड रक्त साठतं, आतल्या तीन हाडांची साखळी निखळू शकते. अपघातानंतर कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल तर बोळा कोंबू नका, कोमट तेल तर अजिबात नको; तडक हॉस्पिटल गाठा.

घरी होणारी चूक म्हणजे ओरडून बोलणं. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानाने मागेच राहतात. ‘दार लाव’ आणि ‘तार लाव’ यांतला फरक आणखी पुसट होतो. शिवाय अशा बऱ्याच रुग्णांना मोठा आवाज सहनच होत नाही. त्यापेक्षा जवळ जा. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, खोलीत थोडा कमी. टीव्ही बंद करा, समोर बसा, नावाने हाक मारून लक्ष वेधा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘कुकर बंद कर आणि दूधवाल्याला पैसे दे’ हे एका दमात नको.

दुकानातून स्वतःच श्रवणयंत्र आणणाऱ्यांनाही मी थांबवते. ऐकू येण्याची पातळी चांगली असताना साधं यंत्र बोलण्याबरोबर पंख्याचा आवाजही मोठा करतं. खरा उपयोग होतो तो रिमोट मायक्रोफोनचा: बोलणाऱ्याच्या कॉलरला माइक, ऐकणाऱ्याच्या कानात रिसीव्हर. वर्गात किंवा मीटिंगमध्ये फरक लगेच जाणवतो.

आता सरावाबद्दल. ‘सवय होईल’ म्हणून माणसाला लग्नाच्या हॉलमध्ये बसवणं म्हणजे सराव नव्हे. आधी शांततेत ‘काल-गाल’, ‘पाट-भाट’ अशा जोड्या ओळखायच्या, त्या जमल्या की मागे हळू आवाजात रेडिओ, मग तो थोडा थोडा वाढवायचा. मेंदूला मार लागल्यावर थकवा फार लवकर येतो आणि थकलेल्या मेंदूला बोलणं आणखी कमी कळतं. तासभर रेटण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं, सकाळी ताजंतवानं असताना. नुसत्या मोबाइल ॲपवर विसंबू नका. विस्मरण, वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे भाषा बोलायला-समजायला अडचण), नैराश्य यांचीही लक्षणं अशीच दिसतात, त्यामुळे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), स्पीच थेरपिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट यांचं आपसात बोलणं व्हायला हवं. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल. जाताना सीटी स्कॅन, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा.