गावी आल्याची बिअर करताना यीस्ट कधी घालायचं

भाचा डोंबिवलीहून निघायच्या आदल्या रात्री विचारतो, "मावशी, इथेच यीस्ट घालून बाटल्या भरू का? केळशीला पोचेपर्यंत तयार होईल." तयार होईल की नाही माहीत नाही, फुटेल मात्र नक्की. मे महिन्यात बंद गाडीची डिकी, आंबेत-मंडणगडची वळणं आणि बाटलीत साखर खाणारं यीस्ट. ऊब मिळाली की ते झपाट्याने वायू सोडतं, आणि तो वायू बाहेर जायला वाट नसते. जेवायला म्हणून वाटेत गाडी उन्हात तासभर उभी केलीत, की मग बघायलाच नको.

बिअर म्हटलं तरी ही आल्याची. बार्लीची बिअर घरी करायला महाराष्ट्रात परवाना लागतो, तेव्हा तो विषय इथेच मिटला. वेळेत फ्रिजमध्ये टाकली तर आल्याच्या बिअरमध्ये एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी अल्कोहोल असतं. शून्य नसतं. त्यामुळे न घेणाऱ्यांना आधी सांगायचं, आणि लहान मुलांना कोकमाचं सरबत द्यायचं.

घरून निघताना न्यायचा तो फक्त पाक. 200 ग्रॅम आलं सालासकट किसा, 400 ग्रॅम साखर आणि लिटरभर पाणी घालून वीस मिनिटं उकळा, गाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. भांडं स्टीलचंच घ्या. पुढे याच पाण्यात लिंबू पडतं, आणि गावी माळ्यावरून निघणाऱ्या पितळी पातेल्याची कल्हई कधी उडालीय ते कुणालाच आठवत नसतं. या घट्ट पाकात यीस्ट घालून उपयोग नाही, इतक्या साखरेत ते धड कामच करत नाही. आधी पातळ करायचं, मग यीस्ट.

गावी पोचलात की विहिरीचं तीन लिटर पाणी चांगलं उकळून गार करा. विहीर आपलीच असली तरी उकळा. गार व्हायला वेळ लागतो, म्हणून पातेलं मोठ्या घमेल्यात ठेवून भोवती विहिरीचं पाणी ओता आणि ते गरम झालं की बदला. दोनतीनदा बदललं की पुरतं. मग त्यात पाक आणि चार लिंबांचा रस घाला. आता बोट घालून बघा. विरजण लावताना दूध जेवढं कोमट ठेवतो, त्याहून गरम नको. 50-55 अंशांच्या पुढे यीस्ट मरतं. 30 च्या आतबाहेर असेल तर उत्तम, आणि केळशीत मे महिन्यात त्याहून गार करायचं म्हटलं तरी जमत नाही.

कोरडं यीस्ट पाव चमचा, म्हणजे चहाचा चमचा, चार लिटरला भरपूर होतं. पाकीट आधी फोडलेलं असेल तर तपासून घ्या: अर्ध्या वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट टाकून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला तर ते पाणी तसंच पातेल्यात ओता. नाही आला तर यीस्ट मेलेलं आहे, आणखी चमचाभर टाकून ते जिवंत होत नाही. पावसाळ्यात फोडलेलं पाकीट आमच्याकडे आठवड्यात गठ्ठा होतं, म्हणून छोटं पाकीट घ्या आणि गावीच फोडा.

आता "कधी"चा घड्याळाचा भाग. प्यायची वेळ धरून उलटं मोजायचं. रविवारी दुपारी सुरमईबरोबर हवी असेल तर शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला यीस्ट घालून बाटल्या भरा. शहरात हिवाळ्यात हेच काम दोन दिवस घेतं. कोकणातल्या मे महिन्यात एका रात्रीत होतं, म्हणून शुक्रवारी घालून मोकळं व्हायचा मोह टाळा. माडी काढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. नीरा हवी तर मडक्याला चुना लावून ती ऊन चढायच्या आत उतरवतात, उशीर झाला की आंबून माडी होते. तिथे यीस्ट हवेतलं, इथे पाकिटातलं, पण उन्हाचा हिशोब तोच.

बाटल्या कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्याच घ्या, काचेच्या कधीही नाहीत. वर तीन बोटं जागा सोडा आणि झाकण घट्ट लावा. न्हाणीघरात बादलीभर विहिरीच्या पाण्यात बाटल्या उभ्या करा. ओलं फडकं गुंडाळण्याची शहरी युक्ती इथे फारशी चालत नाही, हवेतच इतकं पाणी असतं की फडकं वाळतच नाही, मग बाटली गार कशी होणार? सकाळी उठल्याबरोबर बाटली दाबून बघा. अंगठा आत जात असेल तर अजून अवकाश आहे. न फोडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. साडेआठला मऊ असलेली बाटली दहाला दगड झालेली असते, तेव्हा चहा पिऊन निवांत बघू, असं करू नका.

वीज गेली तर? फ्रिजमध्ये यीस्ट झोपतं, मरत नाही. गार्‍हाणं घालून वायरमन येईपर्यंत थांबू नका, दर दोनतीन तासांनी झाकण हळूच सैल करून फुस्स होऊ द्या आणि पुन्हा लावा. वळवाच्या दिवसांत वीज रोजच जात असेल तर बाटलीत भरूच नका: पातेल्यावर फडकं बांधून रात्रभर ठेवा, सकाळी बर्फ घालून प्या. बुडबुडे कमी येतात, चव तीच राहते.

ओतताना बाटली हलवू नका. तळाशी बसलेला पांढरा थर म्हणजे यीस्ट, तो विषारी नाही, पण पोटात गुडगुड करतो. शेवटची दोन बोटं बाटलीतच ठेवा. उरलेल्या भरल्या बाटल्या परतीच्या गाडीत घालू नका. सोमवारी सकाळी शेजारच्या काकूंना एक देऊन टाका, तीही गार असतानाच, आणि आजच प्या म्हणून सांगून.