मेंटेनन्सच्या बिलावरून होणारी भांडणं: सोसायटीने या चुका टाळा

मुलुंड ते दादर या पट्ट्यातल्या वीस-बावीस सोसायट्यांचे हिशेब मी लिहितो. एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मला आवर्जून बोलावतात, ते कोणीतरी "हे बिल इतकं कसं आलं हो?" असं विचारलं की माझ्याकडे बोट दाखवता यावं म्हणून. समोशाची प्लेट हातात येईपर्यंत तीन-चार प्रश्न अंगावर आलेले असतात. इतक्या वर्षांत एक कळलंय. रक्कम लोक पचवतात, वाटणी पचत नाही. "समोरच्यापेक्षा मी जास्त का भरायचे?" यावर भांडण पेटतं, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचा मुद्दा रास्त असतो, कारण कमिटीने वाटणी खरोखरच चुकवलेली असते.

सगळा खर्च एकाच मापाने वाटणं

ही चुकांची आई. मेंटेनन्स हा एक आकडा नव्हे, ती पाच-सहा खर्चांची मोळी आहे, आणि आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनी, त्यातल्या प्रत्येकाला वेगळं माप दिलंय. वॉचमन, झाडूवाला, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सर्व्हिस चार्जेस प्रत्येक फ्लॅटला सारखे. सिंकिंग फंड (पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव गंगाजळी) आणि रिपेअर फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला अनुक्रमे किमान ०.२५ आणि ०.७५ टक्के. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. मालमत्ता कर महापालिकेने ज्या फ्लॅटला जेवढा लावला तेवढा.

आता कागदावर मांडून बघू. समजा २८ फ्लॅटची बिल्डिंग आहे. वीस वन-बीएचके ४२० चौरस फुटांचे, आठ टू-बीएचके ६५० चे. सर्व्हिस चार्जेस महिना ७०,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी २,५००. वन-बीएचकेचा बांधकाम खर्च ६ लाख धरला तर सिंकिंग महिना १२५, रिपेअर ३७५. टू-बीएचकेचा ९ लाख धरला तर १८७.५० आणि ५६२.५०. पाण्याचं बिल ६,५६० आणि नळ एकूण १६४, म्हणजे नळामागे ४० रुपये. वन-बीएचकेत पाच नळ, टू-बीएचकेत आठ. कर सोडून बेरीज केली तर छोट्या फ्लॅटला ३,२००, मोठ्याला ३,५७०. फरक ३७० रुपयांचा.

हीच रक्कम एखाद्या कमिटीने "सोपं पडतं" म्हणून चौरस फुटाने वाटली, तर छोट्याला साधारण २,८६० आणि मोठ्याला ४,४२५ येतात. एकूण जमा तेवढीच. पण मोठ्या फ्लॅटवाल्याच्या खिशातून महिन्याला साडेआठशे रुपये जास्त गेले, आणि हा माणूस गप्प बसणार नाही. वॉचमन चौरस फूट बघून राखण करत नाही, हे त्याचं म्हणणं कायद्यालाही मान्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने व्हीनस सोसायटीच्या खटल्यात समान वाटणीच उचलून धरली होती.

उलटी चूकही तितकीच दिसते: सगळंच सारखं वाटून टाकायचं. त्यात मालमत्ता कर सापडला की छोट्या फ्लॅटवाल्यावर सरळ अन्याय. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. वरच्या उदाहरणातल्या ४२० फुटांच्या घराने शेजाऱ्याच्या ६५० फुटांचा कर का भरायचा? तळमजल्यावर दुकानं असतील तर विचारूच नका. एका सोसायटीत जुन्या बिलाचा साचा कोणी बदललाच नव्हता. माफी लागू झाल्यावरही वर्षभर वीस घरं कर भरत होती. परतावा दिला, पण तोवर लिफ्टमधलं बोलणं बंद झालं होतं.

उपाय फार मोठा नाही. बिलावर प्रत्येक शीर्षक वेगळ्या ओळीत छापा आणि शेजारी वाटणीचं माप लिहा. "पाणी: ५ नळ × ४०" एवढं दिसलं तरी निम्मे फोन येत नाहीत. नळ मात्र पुन्हा मोजा. माझ्याकडच्या एका सोसायटीची नळांची यादी बिल्डरने ताबा दिला त्या दिवसाची होती. दरम्यान कोणी वॉशिंग मशीनचा नळ काढला, कोणी बाल्कनीत बेसिन बसवलं, एकाने दोन बाथरूमचं एक केलं. मोजायला जाताना कमिटीबाहेरचा एक सदस्य सोबत न्या आणि आकड्यापुढे घरमालकाची सही घ्या.

"मी लिफ्ट वापरतच नाही"

हे वाक्य मी प्रत्येक तळमजल्यावर ऐकलंय. एका आजींनी तर मला घरात बसवून, पन्हं देऊन सांगितलं होतं, "अरे, लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पिंजऱ्यात पाय ठेवलेला नाही." पन्हं उत्तम होतं, तरी उत्तर तेच: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथले सगळे सदस्य तिचा खर्च सारखा भरतात, वापरा किंवा नका वापरू. कमिटीची चूक अशी की एखाद्या चेअरमनने भिडेखातर कधीतरी माफी दिलेली असते, तिचा ठराव नसतो, आणि नवा खजिनदार आला की वसुलीवरून रामायण सुरू होतं. भिडेची माफी देऊ नका, एवढंच.

व्याजावर व्याज

इथे सोसायट्या स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवरच्या व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे, आणि तेही सरळव्याज. आपल्या सोसायटीने नेमका किती दर ठरवलाय, हे आधी ठरावात बघा. बिलिंग सॉफ्टवेअर मात्र मागचं व्याज "मागील बाकी" या रकान्यात टाकतं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लावतं. कोणाच्या लक्षातही येत नाही.

४०,००० रुपये तीन वर्षं थकले तर २१ टक्क्यांनी सरळव्याज होतं २५,२००. महिन्याला चक्रवाढ झालं की तेच ३४,६९० च्या आसपास जातं. साडेनऊ हजारांचा फरक! अशी सोसायटी वसुलीचा दाखला मागायला सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली गेली की थकबाकीदाराचा वकील पहिल्यांदा हाच तक्ता काढतो. मूळ देणं खरं असूनही तारखा वाढत जातात, आणि पैसे बुडवणारा माणूस कॉरिडॉरमध्ये बिचारा ठरतो. मुद्दल आणि व्याज बिलात दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. थोडी रक्कम भरणाऱ्याचे पैसे आधी कशात वळवायचे, तेही ठरवून लिहून ठेवा.

थकबाकीदाराचं पाणी तोडायची धमकी काही कमिट्या अजून देतात. तसा अधिकार सोसायटीला नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावं टाकणंही टाळा, त्याने वसुली होत नाही, फक्त स्क्रीनशॉट तयार होतात.

भाडेकरू ठेवणाऱ्याला जादा दंड

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे सदस्य स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचे जादा पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. २००१ च्या शासननिर्णयापासून हे ठरलेलं आहे. दहा टक्के संपूर्ण बिलावर लावायचे नसतात. वरच्या उदाहरणात २,५०० वर २५० होतात, ३,२०० वर ३२० नव्हे. घरात सदस्याचे आईवडील, मुलगी-जावई राहत असतील तर हे चार्जेस लागतच नाहीत.

सिंकिंग फंड म्हणजे अडीअडचणीचा डबा

रंगकाम आलं, पंप जळला, की कोणीतरी म्हणतं, "सिंकिंगमधून घ्या ना, पडूनच आहेत." तो फंड पुनर्बांधणीसाठी, किंवा आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे, आणि त्यालाही सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पंप रिपेअर फंडातून. आज हात घातला की पंचवीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये कॉलम उघडे पडलेले दिसतील, आणि त्या दिवशी प्रत्येकाकडून लाख-दीड लाख मागायची वेळ येईल. निवृत्त माणूस ते कुठून आणणार?

दुसरी खबरदारी: सगळ्या एफडी एकाच बँकेत ठेवू नका. व्याज पाव टक्का जास्त म्हणून ओळखीच्या सहकारी बँकेत सगळं टाकलेल्या सोसायट्या २०१९ मध्ये मुंबईत बँकेत पैसे अडकून हवालदिल झालेल्या मी पाहिल्यात. ठेवविमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच मिळतो, आणि सोसायटी हा एकच ठेवीदार धरला जातो.

गळतीचा खर्च कोणाच्या माथी

पावसाळा सुरू झाला की माझ्या हिशेबाच्या फाइलमध्ये प्लंबर शिरतो. नियम तसा सरळ आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन हे सोसायटीचं. बाथरूम, संडास, सिंकमधून खाली झिरपतं ते ज्याच्या घरातून येतं त्याचं. भांडण असतं ते नेमकं कुठून येतंय यावर, आणि इथे कमिटी घाई करते. वरच्या घरवाल्याला नोटीस काढते, किंवा वाद मिटावा म्हणून सोसायटीच्या पैशाने फरशी फोडते. पुढच्या वर्षी आणखी तिघे त्याच दराने दुरुस्ती मागतात.

आधी तपासा. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाला) फडक्याचा बोळा घट्ट बसवा, दोन इंच पाणी साठवा, त्यात नीळ कालवा. चोवीस तास नळ बंद. खाली छताला निळा डाग उमटला तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, खर्च वरच्या घराचा. पाण्याची पातळी तशीच राहिली, छत तरी ओलं, आणि ओल पाऊस पडल्यावरच वाढते, तर बाहेरची भिंत आणि डक्टमधला सामाईक पाइप बघा. ते सोसायटीचं काम. दोन्ही घरांच्या माणसांना पाणी भरताना आणि सोडताना समोर उभं करा, फोटोवर तारीख येऊ द्या, आणि प्लंबरचं कोटेशन मागवायचं ते त्यानंतरच.