टॉय ब्रीडचं पिल्लू घरी आणताय? वयाच्या बाबतीत या चुका टाळा

पोमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, टॉय पूडल अशा टॉय ब्रीडचं, म्हणजे अगदी छोट्या चणीच्या जातीचं पिल्लू घ्यायचं ठरलं, की घरात पहिली घाई होते ती ते कधी ताब्यात मिळेल याची. बघायचं असतं ते हे, की पिल्लू आईला सोडून राहायला तयार झालंय का. लॅब्रॅडॉरचं पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की नव्या घरात सहसा सहज रुळतं. टॉय ब्रीडला त्यापुढे आणखी दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे दहा आठवडे पूर्ण झाल्यावर, आणि अगदीच चणीने लहान असेल तर बाराव्या आठवड्यानंतर. बारा आठवड्यांआधी पिल्लू द्यायला नाही म्हणणारा ब्रीडर भेटला तर त्याच्यावर चिडू नका. तोच तुम्हाला हवा असलेला ब्रीडर आहे.

आठ आठवडे हा सगळ्यांसाठीचा आकडा समजणं

आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बऱ्याच देशांत कायद्याने बंदी आहे. ती किमान मर्यादा आहे, प्रत्येक पिल्लाचं योग्य वय नव्हे. इवल्याशा पिल्लाचं यकृत लहान असतं, त्यामुळे साखरेचा साठाही थोडाच. अंगावर स्नायू आणि चरबी बेताची, आणि शरीर लहान असल्यामुळे ऊब भराभर निघून जाते. त्यात प्रवास झाला, एखादं जेवण चुकलं, नव्या जागेची धास्ती बसली, तर रक्तातली साखर काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. यालाच हायपोग्लायसेमिया म्हणतात. घरी आणल्यानंतरचे पहिले काही दिवस यासाठी सगळ्यात नाजूक असतात.

इथे घात करणारं वाक्य म्हणजे "दमलंय बिचारं, झोपू दे." नुसतं झोपलेलं पिल्लू उचललं तर आळस देतं, हात हुंगतं, कुरकुरतं. साखर उतरलेलं पिल्लू हातात ओल्या फडक्यासारखं लोंबतं. उभं केलं तर पाय लटपटतात, नजर हरवलेली असते, अंग गार लागतं, हिरड्या फिकट दिसतात. पुढे थरथर सुरू होते, झटकेही येतात. असं दिसलं की बोटाला मध किंवा साखरेचं घट्ट पाणी लावून हिरड्यांना चोळा. गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका, ओठ किंचित बाजूला करून हिरडीच्या बाहेरच्या बाजूला लावा. शुगर-फ्री पदार्थ तर अजिबात वापरू नका. त्यांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं आणि तेच साखर आणखी उतरवतं. पिल्लाला कापडात गुंडाळून लगेच डॉक्टरांकडे न्या. मध लावल्यावर ते उठून बसलं तरी न्या, कारण साखर पुन्हा उतरू शकते.

पिल्लाला जेवताना न पाहता घेणं

फोटो, व्हिडिओ, वंशावळीचे कागद हे सगळं लोक मागतात. एक जेवण बघायला मात्र फार थोडे जण थांबतात, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते. भिजवलेलं पपी फूड पुढे ठेवल्यावर तयार नसलेलं पिल्लू वरचं पाणी चाटतं, दाणे तोंडात घेऊन बाहेर टाकतं आणि पुन्हा आईकडे वळतं. तयार पिल्लू दाणे चावून गिळतं, ताटली चाटतं आणि मग खेळायला पळतं. आईचं दूध सुटायला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सुरुवात होते, पण टॉय ब्रीडमध्ये दुधाचे दातही काहीसे उशिरा येतात, त्यामुळे पुरतं घन अन्नावर यायला वेळ लागतो. जन्मतारीख आणि आठवड्यागणिक वजनाची नोंद मागा. वजन सतत चढतं हवं.

"जितकं लहान तितकं गोंडस"

अगदी इवली पिल्लं 'टीकप' म्हणून विकली जातात, पण टीकप नावाची कुठलीही जात नाही. तो विक्रीसाठी वापरला जाणारा शब्द आहे. त्या नावाखाली पुष्कळदा सहा आठवड्यांचं पिल्लू दहाचं म्हणून दाखवलं जातं, किंवा भावंडांत सगळ्यात अशक्त असलेलं पिल्लू जास्त किमतीला खपवलं जातं. आई समोर दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथून निघा.

थांबण्याचे आठवडे फुकट गेले असं वाटणं

भावंडांशी खेळताना पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकतं. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ थांबतो. आई गुरगुरून मर्यादा शिकवते. हे धडे अर्धवट राहिलेली छोटी कुत्री पुढे सहज चावतात, आणि लहान आहेत म्हणून घरचे हसून सोडून देतात. ते कुत्र्यावर अन्यायच करणारं आहे.

मात्र साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, स्पर्श हे सगळं आपलंसं करतं. तो काळ एका बंद पिंजऱ्यात गेला, तर बारा आठवडे थांबूनही भित्रं पिल्लूच हाती येईल. म्हणून ब्रीडरकडे ते घरातल्या माणसांत वावरतंय का, हे विचारा. शक्य असेल तर मधूनमधून जाऊन त्याला हाताळा. लसीकरण आणि जंतनाशकाचं कार्डही तेव्हाच बघून घ्या. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने चालतात.

लवकर आणलं गेलंच असेल तर

आई आणि भावंडं अजून एकत्र असतील, पिल्लू ठणठणीत असेल आणि ब्रीडर भरवशाचा असेल, तर काही आठवड्यांसाठी परत पाठवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ते जमणार नसेल तर दर तीन-चार तासांनी थोडं थोडं भरवा, रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटेही. अन्न तेच ठेवा जे ब्रीडर देत होता, फक्त कोमट पाण्यात मऊ करा. गाईचं दूध देऊ नका, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाचं पाणी लगेच कमी होतं. बिछान्याच्या एकाच बाजूला ऊब ठेवा, म्हणजे गरम झाल्यावर त्याला सरकता येईल. उंच सोफ्यावर एकटं सोडू नका, कारण या जातींत पुढच्या पायाचं हाड उडी मारतानाही मोडतं.

आणि स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा बाहेर काढा. रोज सकाळी खायला देण्याआधी वजन करून लिहून ठेवा. वजन घटलं, किंवा सलग दोन दिवस जागच्या जागी राहिलं, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.