या चुका टाळा : स्कँडिनेव्हियन स्टीलचे काटे-चमचे आणि सुऱ्या

डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांनी १९५७ साली कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी आखलेली कटलरी असो, की डॅनिश डिझायनर काइ बोयेसेन यांचा १९५१ साली मिलानमध्ये गौरवलेला ‘ग्रां प्री’ संच, तक्रार बहुधा सुरीपासूनच सुरू होते. चमचे लखलखीत राहतात, पण सुरीच्या पात्यावर तपकिरी ठिपके उठतात.

सुरी आणि चमचा एकाच स्टीलचे, हा समज इथे नडतो. काटे-चमच्यांत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असते. पात्याला धार टिकावी म्हणून ते कडक केलेल्या, सुमारे १३ टक्के क्रोमियमच्या स्टीलचे करतात. ते गंजाला लवकर बळी पडते. पात्याला लोहचुंबक घट्ट चिकटला म्हणून माल खोटा ठरत नाही.

लोणच्याचे किंवा लिंबाचे खरकटे पात्यावर रात्रभर राहू देऊ नका. मिठातले क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडते आणि ते भरून येत नाहीत. डिशवॉशर लगेच लावायचा नसेल तर सुऱ्या आधी विसळा. डिशवॉशरचे मीठ (पाणी मृदू करणारे) धुणे सुरू करण्याच्या क्षणीच भरा, सांडलेले पुसा. धुणे संपताच दार उघडून सुऱ्या मऊ फडक्याने कोरड्या करा. क्लोरीनचे ब्लीच कधीच नको.

काट्यावर गंज दिसला तर तो बहुतेकदा दुसऱ्या भांड्याचा असतो : लोखंडी साल-काढणी, डिशवॉशरच्या रॅकचे उडालेले आवरण. तीन भाग खाण्याचा सोडा, एक भाग पाणी असा लेप करून ठिपका ताजा असतानाच पुसा, नाहीतर त्याच्या खाली खड्डा सुरू होतो. निळसर-इंद्रधनुषी झाक मात्र गंज नव्हे. एक भाग पांढरा व्हिनेगर, तीन भाग पाणी लावून लगेच धुवा.

सर्वांत जास्त नुकसान तारेचा घासणा करतो. याकोबसेन यांच्या मॅट पृष्ठभागावर तो, हिरवा स्क्रबर किंवा राख फिरली की चमकदार पट्टे उमटतात आणि घरी ते सारखे करता येत नाहीत. मऊ स्पंज दांड्याच्या दिशेनेच फिरवा. वापराचे बारीक ओरखडे तसेच राहू द्या. धुतलेले नग मागे ठेवून सर्व आळीपाळीने वापरात आणले की पोत एकसारखा होतो.

१९५० च्या दशकातला गेन्से या स्वीडिश कंपनीचा ‘फोकस दे लुक्स’ संच काळ्या प्लास्टिकच्या मुठीचा. जुने नग हातानेच कोमट पाण्यात धुवा, भिजत टाकू नका. गरम पाण्याने काळा रंग पांढुरका पडतो आणि मूठ सांध्यापाशी सैल होते.