वादळानंतर झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वारा ताशी 110 ते 120 किलोमीटरने वाहत होता, आणि आठ-दहा दिवसांत मोसमी पाऊसही सुरू झाला. 2021 चं तौक्ते मे महिन्याच्या मध्याला कोकण किनाऱ्याला समांतर वर गेलं. आपल्याकडे वादळ बहुतेकदा असं पावसाच्या तोंडावर येतं आणि झाडांच्या उपचाराचं सगळं वेळापत्रक त्यावरच ठरतं. परदेशी माहितीपत्रकांत 'पडलेल्या झाडाला भरपूर पाणी द्या' असं असतं. जूनमध्ये अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला ते केलं तर मुळं कुजतील. तिथे पाणी काढून द्यायची व्यवस्था आधी लागते. वादळ दिवाळीच्या आसपास आलं तर मात्र हे गणित उलटं होतं.

पहिल्या दिवशी झाडाला हात न लावलेलाच बरा. फांदीत अडकलेली वीजवाहिनी बंद आहे हे महावितरणच्या माणसाने स्वतः सांगेपर्यंत जवळ जाऊ नये. शेजारच्या घरातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलट्या दिशेने वीज सोडू शकतो. मुळासकट उलथलेलं झाड कापताना आणखी एक धोका असतो. वरचं वजन गेलं की मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. म्हणून खड्ड्यात कोणी उतरायचं नाही, मुलांना तर तिकडे फिरकूही द्यायचं नाही, आणि खोड दीड-दोन मीटर ठेवूनच कापायचं. धनुष्यासारखी वाकलेली, दाबाखालची फांदी कापताना करवत आतल्या बाजूने थोडी लावावी, मग बाहेरच्या बाजूने हळूहळू कापत जावं. एका दमात बाहेरून कापली तर ती उभी चिरते आणि कापणाऱ्याच्या अंगावर येते.

नगरपालिका हद्दीत झाडांच्या जतनाचा 1975 चा कायदा लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षणही आहे. पडलेलं झाड असलं तरी आधी चारही बाजूंनी फोटो काढा, पंचनामा करून घ्या आणि वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा. वाडीतल्या नारळ-पोफळीची भरपाई मागताना हेच कागद लागतात.

आता कुठलं झाड ठेवायचं ते. घाईचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे करपलेलं झाड. खाऱ्या वाऱ्याने समुद्राकडच्या बाजूची पानं दोन दिवसांत तपकिरी होतात, झाड जळाल्यासारखं दिसतं आणि कोणीतरी ते मेलं असं ठरवून टाकतं. बारीक फांदीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. अशा झाडाला पुढचा पावसाळा पूर्ण द्या. पाऊस लांबला असेल तर गोड्या पाण्याने पानं धुवावीत आणि बुंध्याभोवती पाणी सोडून मीठ खाली जाऊ द्यावं. पाऊस सुरू झाला की ते काम तोच करतो.

निम्म्याहून जास्त माथा गेलेलं, बुंध्याला उभी चीर पडलेलं किंवा मुळाशी पोकळ असलेलं रस्त्याकडेचं झाड काढावं. मोकळ्या मैदानात त्याला संधी देता येते, शाळेच्या फाटकाशी नाही. पाव माथा मोडला असेल तर छाटणीवर भागतं. मधल्या स्थितीत निर्णय जातीवर अवलंबून असतो. वड, करंज, बकुळ पुन्हा जोमाने फुटतात. गुलमोहर आणि सोनमोहर फुटतातही, पण लाकूड ठिसूळ असल्याने तीच फांदी पुढच्या वादळात हमखास खाली येते.

पडलेलं झाड उभं करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर 30-35 सेंटिमीटर, म्हणजे दोन पंजांच्या वेढ्यात मावेल एवढा असेल आणि निम्मी तरी मुळं शाबूत असतील तर ते जमतं. त्याहून मोठं झाड क्रेनने उभं राहिलेलं दिसतं, पण तुटलेल्या मुळांवर तोललेलं असतं आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पडतं. उघडी मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाका. चिंधड्या झालेली मुळं धारदार करवतीने साफ कापा. मग गड्डा जिथे बसायचा तिथली माती उकरून जागा करा. हे राहिलं तर झाड सरळ दिसतं, पण पूर्वीपेक्षा वर बसतं आणि मुळांखाली पोकळी राहते. ओढायला चेनपुली बरी, जेसीबीच्या हिसक्याने राहिलेली मुळंही तुटतात. खोडाला तारेचा दोर कधीच नको. आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा लावा, त्याखाली गोणपाट घाला.

उभं झाल्यावर तीन दिशांना तीन ताण (जमिनीपर्यंत ओढून बांधलेले दोर) द्या, झाडाच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर. ताण अगदी घट्ट नको. वाऱ्यात खोड थोडं हललं तरच नवी मुळं धरतात. काथ्याचा दोर कालांतराने कुजतो. नायलॉनचा टिकतो, पण सालीत रुततो, म्हणून सालीला टेकतो तिथे जुनी सायकलची ट्यूब घाला. वर्षभराने ताण आठवणीने काढायचे. बुंध्याभोवती आळं करायचं ते पाऊस संपल्यावर. तोवर माती किंचित उंच, बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. पहिलं वर्ष युरिया नको. मुळं कमी असताना पाला वाढला की तो पोसायला पाणी कुठून येणार? ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी द्या. बहुतेक वाचवलेली झाडं या उन्हाळ्यात मरतात, वादळात नाही.

मोडलेली फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून 30 सेंटिमीटरवर, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, आरपार. फांदी पडली की उरलेलं खुंट तिसऱ्या कापाने, फांदीच्या मुळाशी दिसणाऱ्या फुगवट्याच्या लगेच बाहेर काढायचं. फुगवटा राखला तर जखम भोवतालून भरत येते. खोडाला घासून कापलं किंवा वीतभर खुंट ठेवलं तर बुरशी आत शिरते. जखमेला डांबर, ऑइलपेंट लावू नये, खाली ओल कोंडते. आंब्याला मात्र कोकणात बोर्डो पेस्ट लावतात आणि ते योग्यही आहे. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. महिनाभराने आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा सांडलेला दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, शिरला आहे. तारेचा आकडा भोकात घालून अळी ओढून काढा.

सगळा माथा उडवून ठोकळा करणं हा उपचार नाही. त्या ठोकळ्यावर फुटणारे धुमारे सालीच्या वरवरच चिकटलेले असतात आणि पाच-सहा वर्षांनी जड होऊन तेच तुटतात. एका वेळी पावपेक्षा जास्त हिरवा भाग कापू नये.

नारळ-पोफळीला वाढीचा कोंब एकच. मधली सुई, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, शाबूत असेल तर झापं मोडली तरी झाड जगतं. सुई सहज उपटून हातात आली, तिला दुर्गंध आला, तर कोंब कुजला. आडवे पडलेले नारळाचे सोट वाडीत तसेच ठेवू नका. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो, ताज्या जखमांवर सोंड्या भुंगा येतो, आणि वादळातून वाचलेले माड वर्षभरात हे दोघे संपवतात.

नवीन लागवडीला उंडी, करंज, भेंड, समुद्रफळ ही खाऱ्या वाऱ्याची सवय असलेली झाडं घ्या. वीजवाहिनीखाली मोठं होणारं झाड नकोच. चार मीटरचं तयार झाड आणण्यापेक्षा मीटर-दीड मीटरचं रोप लवकर धरतं. पिशवी फाडल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती कापून मोकळी करा, नाहीतर दहा वर्षांनी झाड त्याच गुंडाळ्यावरून उन्मळतं. जांभ्या दगडातला खड्डा बादलीसारखा पाणी धरतो, म्हणून तळ आणि बाजू पहारीने फोडून घ्या. एकेकट्यापेक्षा तीन-चारच्या गटात लावलेली झाडं वारा चांगला पेलतात.

पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत आणू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. किनाऱ्यावर ती किमान समजावी. गटार खोदताना एका बाजूची मुळं तुटलेलं झाड वरून ठणठणीत दिसतं आणि वादळात नेमकं त्या गटाराच्या विरुद्ध बाजूला पडतं. अशा झाडांची यादी मार्चमध्येच करून वृक्ष अधिकाऱ्याकडे द्यावी, म्हणजे छाटणी मे महिन्याआधी होते.